डिकीतली जास्तीची पिशवी

प्रवासाचं सामान भरण्याच्या बाबतीत माझ्याशी वाद घालू नये. हे मी अनुभवाने सांगते. चंदीगडला येऊन मला बावीस वर्षं झाली आणि या बावीस वर्षांत इथल्या मराठी मंडळींची अशी एकही सहल झाली नाही, जिच्यात कुणीतरी धावत येऊन माझ्याकडे काहीतरी मागितलं नाही. कुणाच्या पोराची चप्पल तुटते, कुणाच्या डब्याचं झाकण निघता निघत नाही, कुणाला ऐनवेळी आठवतं की काड्यापेटी घरीच राहिली. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. माझ्याजवळ एक निळी कापडी पिशवी असते. आमच्या घरात तिचं नाव ‘जास्तीची पिशवी’. नेहमीच्या सामानात जे कुणाच्या लक्षात येत नाही आणि ज्याच्यावाचून पुढे अडतं, ते सगळं तिच्यात असतं.

तंबू घेऊन डोंगरात राहायला जायचं म्हटलं की लोक तंबू, स्लीपिंग बॅग, चूल आणि टॉर्च एवढं आठवणीने घेतात आणि निघतात. खरी गरज त्याच्या पुढे सुरू होते. दहा मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे घ्यावेत, कारण डोंगरात झाडं पुष्कळ असली तरी ओला टॉवेल टाकायला हवी तिथे फांदी नसते. जुनी वर्तमानपत्रं घ्यावीत. भिजलेल्या बुटांत कोंबून ठेवली की सकाळी बूट घालण्याजोगे होतात. कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या घ्याव्यात, त्या पावसात सॅकवर चढवता येतात, ओल्या जमिनीवर अंथरता येतात आणि शेवटी त्यांच्यात कचराही भरता येतो. तंबूतली माती झाडायला लहान ब्रश हवा. बुटांची एक जास्तीची नाडी हवी. शिट्टी हवी, कारण हाका मारून घसा बसतो आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतंच असं नाही. आणि मोज्यांचा एक जोड असा हवा की जो फक्त झोपताना घालायचा, दिवसा पाय कितीही भिजले तरी त्याला हात लावायचा नाही. हे शेवटचं मी सगळ्यांना सांगते आणि कुणीही ऐकत नाही.

ही शिस्त मला नोकरीने लावली. सेक्टर ३९मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी जिवाणूंची प्रयोगशाळा सांभाळते. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी मी तीन गोष्टी सांगते. प्रत्येक नळीवर नाव आणि तारीख लिहायची. मार्करने लिहिलेल्यावर पारदर्शक टेप चिकटवायची, कारण आमच्याकडे दिवसभर सगळं स्पिरिटने पुसलं जातं आणि स्पिरिट लागलं की मार्करची शाई निघून जाते. आणि ज्या नळीवर नाव नाही ती टाकून द्यायची, आत काय असेल याचा अंदाज करत बसायचं नाही. मुलं या तीन गोष्टींना वैतागतात. वर्षभराने तीच मुलं नव्यांना त्याच सांगताना दिसतात, तेव्हा मला फार बरं वाटतं.

एवढं सगळं असताना माझी लेक तिची पाण्याची बाटली आठवड्यातून एकदा शाळेत विसरून यायची. छत्री, कंपास, एकदा तर डाव्या पायाचा बूट. एकच बूट कसा विसरता येतो हे मला आजही कळलेलं नाही. सोळाव्या वर्षी, दहावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात, तिने माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. जूनमध्ये हिमाचलात बारा दिवसांचा ट्रेक होता. सगळ्या मुलीच, बरोबर दोन शिक्षिका. पाठीवरचं सामान प्रत्येकीने स्वतः भरायचं आणि स्वतःच वाहायचं. बारांतले नऊ दिवस फोनला रेंज नाही. खाली पालकांच्या सहीसाठी जागा होती.

मी नाही म्हटलं. कारण विचारलं तेव्हा बाटली, छत्री, कंपास आणि बूट असं सगळं एका दमात ऐकवलं. लेकीला मराठी सगळं समजतं, पण तिच्या तोंडून उत्तर हिंदीतच येतं, आणि हिंदीत ती मला ‘आप’ म्हणते, त्यामुळे आमच्या घरातली भांडणं ऐकणाऱ्याला फार सुसंस्कृत वाटतात. त्या दिवशी मात्र ती भांडली नाही. तिने एक प्रस्ताव मांडला. आपण तिघं दोन रात्री मोरनीच्या डोंगरात तंबू लावून राहू. तिघांचं सगळं सामान मी एकटी भरीन, ती म्हणाली. काही कमी पडलं तर ट्रेकचं नाव काढणार नाही, नाही पडलं तर तुम्ही सही करायची. अट एकच, तुमची निळी पिशवी येणार नाही.

माझा नवरा मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. घरातल्या कुठल्याही वादात तो स्वतःला पंच नेमून घेतो, म्हणजे त्याला बाजू घ्यावी लागत नाही. त्याने अट मंजूर केली. मीही लगेच हो म्हटलं, कारण पहिल्याच संध्याकाळी काहीतरी राहिलेलं निघणार याची मला खात्री होती.

आणि तरीही निघायच्या आदल्या दिवशी मी पिशवी भरली. आता वचन मोडायचंच तर नीट मोडावं म्हणून एरवीपेक्षा जास्त काळजीने भरली. प्रयोगशाळेत झाकणाच्या प्लास्टिकच्या नळ्या असतात, पन्नास मिलीच्या. मुदत संपलेल्या, न वापरलेल्या नळ्या टाकून देणार होते, त्यातल्या सात मी घरी आणल्या होत्या. त्यांत मीठ, खाण्याचा सोडा, लिंबूफूल, तुरटीची पूड, दुधाची पावडर आणि कपडे धुण्याची पावडर भरली. सातवीत जुलाबावर घ्यायच्या ओआरएसची तीन पाकिटं फोडून रिकामी केली, कारण पाकिटं सामानात फाटतात. प्रत्येक नळीवर काळ्या मार्करने सुवाच्य अक्षरात नाव घातलं. शेजारी स्पिरिटची फवारायची बाटली ठेवली, कारण तिच्याशिवाय मला हात स्वच्छ झाल्यासारखे वाटतच नाहीत. लेक आंघोळीला गेल्यावर पिशवी गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या खाचेत दाबून बसवली आणि वर रबरी चटई टाकली. लेकीवर विश्वास नव्हता असं नाही. पिशवीवर जास्त होता.

वाटेत पंचकुल्याला नवऱ्याने गाडी थांबवायला लावली आणि एका ठेल्यावर दोन प्लेट गोलगप्पे खाल्ले. मी सांगून पाहिलं. डोंगरात जायचंय, पोटाशी खेळू नकोस. तो म्हणाला की पंचाला काही होत नसतं.

मोरनीच्या पुढे चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांत एक शेतकरी आपलं पायऱ्यापायऱ्यांचं शेत तंबूवाल्यांना देतो. खाली ओढा, वर त्याचं घर. तिथे पोहोचल्यावर मागच्या सीटवरचं सामान उतरेपर्यंत मी थांबले. मग मी परीक्षा सुरू केली. सुरी मागितली, सुरी होती. लायटर चालेना असं म्हटलं, दुसरा निघाला आणि काड्यापेटीही. तंबूचे खिळे ठोकायला दगड शोधायला लागले, तर तिने हातोडी दिली. जेवणाला मसालेभात केला आणि वर घालायला चिमूटभर मेतकूट एका डबीतून काढलं, ते मिरजेहून माझ्या आईने पाठवलेलं होतं आणि मलाच आठवलं नव्हतं. झोपायच्या वेळी तिने प्रत्येकाच्या उशाशी कोरड्या मोज्यांचा जोड ठेवला. इतकी वर्षं मी हवेत बोलत नव्हते तर. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला, आणि तो कशाचा हे मलाच सांगता येईना, म्हणून मी भात जरा कच्चा राहिला असं म्हटलं. भात कच्चा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचं पोट बिघडलं. दहा वाजेपर्यंत तो सहा वेळा झाडीत जाऊन आला आणि सातव्या वेळी तंबूबाहेरच्या चटईवर आडवा झाला. ओठ सुकले होते, पोटऱ्यांत गोळे येत होते. गाडी मी चालवू शकत होते, पण दर दहा मिनिटांनी उतरावं लागणाऱ्या माणसाला घाटाच्या वळणांवर दीड तास बसवणं शक्य नव्हतं. हे सगळं बघताना मला त्याची काळजी वाटली, पण त्याच्या आधी, क्षणभर, बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. शेवटी काहीतरी घडलं होतं आणि त्यावरचा इलाज फक्त माझ्याकडे होता. मी उठले आणि ताठ मानेने गाडीकडे चालू लागले.

डिकी उघडल्याबरोबर वास आला. स्टेपनीच्या खाचेत पिशवी दाबून बसवताना फवाऱ्याचं बटण दाबलं गेलं असणार, आणि मोरनीच्या प्रत्येक वळणावर ते थोडं थोडं दाबलं जात राहिलं असणार. बाटली रिकामी होती. पिशवी ओलसर होती. आणि सातही नळ्यांवरची अक्षरं गेली होती. माझ्या सुवाच्य अक्षराच्या जागी काळपट ओघळ राहिले होते. टेप मी लावली नव्हती. दर वर्षी जी गोष्ट मी मुलांना कानीकपाळी ओरडून सांगते, ती मी केली नव्हती, कारण घरचंच तर सामान होतं.

मी सात नळ्या गाडीच्या बॉनेटवर ओळीने मांडल्या. सातांतही पांढरी पूड. दुधाची पावडर जरा पिवळट, ती बाजूला काढली. कपड्याची पावडर वासावरून ओळखली असती, पण आता सगळ्यांनाच स्पिरिटचा वास होता. उरलेल्या सहांत मीठ होतं, ओआरएस होतं, आणि पोट बिघडलेल्या माणसाला चुकूनही देऊ नये असंही होतं. शिवाय तीन पाकिटं एकत्र केल्यामुळे एका लिटरला किती घालायचं हेही आता अंदाजानेच ठरवावं लागणार होतं. नवरा चटईवरून क्षीण आवाजात म्हणाला की एकेक चाखून बघ ना. बावीस वर्षांत मी नाव नसलेली एकही गोष्ट जिभेला लावलेली नाही. मी तशीच उभी राहिले. हातात काम नाही अशी मी कधी उभी राहिल्याचं मला आठवत नाही.

मागे वळून पाहिलं तर लेक वडिलांच्या उशाशी बसली होती. एक लिटरच्या बाटलीत तिने काहीतरी मिसळलं होतं आणि ती त्यांना झाकणाने पाजत होती. एक झाकण, मग थांबायचं, मग दुसरं. नवरा गटागटा प्यायला बघत होता, तर तिने बाटली मागे घेतली. शेजारी ओआरएसचं पाकीट फाडून ठेवलं होतं, औषधाच्या दुकानातलं साधं पाकीट. आणखी तीन तिच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात होती. पाणी उकळून गार केलेलं होतं. मी विचारलं की एका वेळी एवढंच द्यायचं हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, पाकिटावर लिहिलंय.

मग तिची नजर बॉनेटवर गेली. ती उठून आली, नळ्यांकडे पाहिलं, निळ्या पिशवीकडे पाहिलं. मला वाटलं आता ती हसेल. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

“मतलब टेस्ट था ही नहीं,” ती म्हणाली. “मैं कुछ भी ले आती, आप ये बैग लाते ही. मैं पास हो ही नहीं सकती थी.”

मी म्हणू शकत होते की अडीअडचणीसाठी आणली होती. म्हणू शकत होते की आईचं काळीज असंच असतं. ही दोन्ही उत्तरं माझ्या जिभेवर आली होती. ती परत वडिलांकडे गेली आणि पुन्हा झाकणाने पाणी पाजू लागली. मी सात नळ्या काळ्या पिशवीत घातल्या, तोंड बांधलं, परत नेऊन टाकून द्यायला. अशा नळ्यांचं दुसरं काही करायचं नसतं.

तीनच्या सुमारास नवऱ्याचा चेहरा माणसासारखा दिसू लागला आणि त्याला झोप लागली. लेक ओढ्यावर सकाळची भांडी घासायला गेली. मी मागोमाग गेले, तिच्याशेजारी दगडावर बसले आणि एक पातेलं ओढून घेतलं. मला माणसांशी बोलताना शब्द शोधावे लागत नाहीत, उलट माझे शब्द आवरा असं लोक म्हणतात. त्या दिवशी एक वाक्य जुळवायला मला अख्खं पातेलं घासावं लागलं.

“तू काही विसरशील याची मला भीती नव्हती,” मी म्हटलं. “तू काहीच विसरली नाहीस, त्याची वाटली. तुला सगळं येतंय म्हटल्यावर तुला माझं काय काम उरलं, असं वाटलं मला.”

तिने नळाखाली धरावा तसा तवा धारेत धरला होता. तो तिने उलटा केला, दुसरी बाजू धुतली. मग एवढंच विचारलं, “तो अब?”

मी म्हटलं की सही करते. परीक्षा तू पास झालीस म्हणून नव्हे, ती मी घ्यायलाच नको होती. जरा वेळाने पातेल्याच्या कडेला अजून डाग राहिलाय असं तिने मला दाखवलं. डाग होता. मी परत घासलं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशीच मी फॉर्मवर सही केली आणि पुढचे दोन महिने आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. काही न करण्याचं. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिच्या खोलीत सामान पसरलेलं असायचं, दार उघडं असायचं, आणि मी त्या दारावरून पाणी आणायला दिवसातून वीस वेळा जायचे. एवढं पाणी माझ्याने पिऊन होणार नव्हतं. सॅकचं वजन अकरा किलोच्या वर जाता कामा नये, असं त्या शिक्षिकांनी सांगितलं होतं. लेक एकेक वस्तू काट्यावर ठेवायची, कागदावर लिहायची, काही बाहेर काढायची. एका संध्याकाळी ती खाली मैत्रिणीकडे गेलेली असताना मी दोरीचं एक भेंडोळं तिच्या सॅकच्या बाजूच्या खिशात घातलं. पाच मिनिटांनी जाऊन तेच काढून आणलं. नवऱ्याने दोन्ही वेळा पाहिलं, पण त्याने पंचगिरी केली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही सेक्टर ४३च्या बसअड्ड्यावर होतो. अकरा मुली, अकरा सॅक, आणि प्रत्येक मुलीभोवती आपापली आई. चेनवर चेन उघडल्या जात होत्या. एक बाई पराठ्यांचा पुडा कोंबत होत्या, दुसऱ्या स्वेटरवर स्वेटर. मी हात मागे बांधून उभी होते. पर्ससुद्धा मी गाडीत ठेवून आले होते, मुद्दाम, म्हणजे उगाच काही काढून द्यायचा मोह नको. माझा मला अभिमान वाटत होता. एवढ्या आयांमध्ये मीच एक शहाणी, असंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

नाव पुकारलं गेलं तेव्हा लेकीने सॅक पाठीवर घेतली नाही. ती माझ्यासमोर जमिनीवर ठेवली आणि वरच्या कप्प्याची चेन उघडली. आत सगळं घट्ट बसवलेलं होतं, फक्त उजव्या कोपऱ्यात मूठभर जागा रिकामी होती.

“ये आपके लिए छोड़ी है,” ती म्हणाली. “दो सौ ग्राम तक कुछ भी. क्या दे रहे हो?”

बावीस वर्षं मी कुणाला काही ना काही देत आले आणि त्या सकाळी माझे दोन्ही हात रिकामे होते. कुर्त्याला खिसे नव्हते. नवरा गाडी लावायला लांब गेला होता. पलीकडे शिक्षिका तिला लवकर चढायला सांगत होत्या आणि ती मात्र चेन उघडी धरून वाकून उभी होती, घाई न करता, मी काहीतरी काढीनच याची तिला खात्री असल्यासारखी. मी गळ्याला हात लावला, मग खांद्याला. इथल्या बायका ओढणी नुसती टाकतात आणि ती त्यांच्या अंगावर नीट राहते. मला पिनेशिवाय जमत नाही. मी ती मोठी सेफ्टी पिन काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

ती हसली नाही. तिने पिन नीट बंद केली, त्या कोपऱ्यात ठेवली, चेन लावली आणि सॅक पाठीवर घेतली. बस सुटल्यावर मी गाडीपर्यंत चालत गेले. तेवढ्या वाटेत माझी ओढणी चार वेळा घसरली आणि चारही वेळा मी ती हाताने धरून परत खांद्यावर घेतली.